फाईल आईच्या नावाने: न्यूयॉर्कच्या निकल्सन खटल्याचा अभ्यास

फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या बालसंरक्षण खात्याने कौटुंबिक न्यायालयात एक अर्ज दाखल केला. सामनेवाले दोघे होते, निकल्सन आडनावाची एक आई आणि तिच्या धाकट्या मुलीचा बाप. आरोप दोघांवर एकच: मुलांच्या हजेरीत कौटुंबिक हिंसाचारात भाग घेतला, म्हणून मुलांची हेळसांड.

आईने घेतलेला ‘भाग’ असा. बाप दुसऱ्या राज्यात, साउथ कॅरोलायनात राहायचा आणि अधूनमधून मुलीला भेटायला यायचा. जानेवारीच्या अखेरीस तो ब्रुकलिनच्या फ्लॅटवर आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की हे नातं आता पुढे न्यायचं नाही. त्याने तिला बेदम मारलं. हात मोडला, बरगड्या मोडल्या, डोक्यातून रक्त वाहू लागलं. तान्ही मुलगी शेजारच्या खोलीत होती, मोठा मुलगा शाळेत. बाप निघून गेल्यावर तिने स्वतः ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवला. ॲम्ब्युलन्स यायच्या आत शेजारणीला बोलावून मुलांची सोय लावली आणि मग दवाखान्यात गेली.

हात मोडलेल्या अवस्थेत एखादी आई याहून जास्त काय करू शकते, ते मला सांगता येणार नाही. पण त्याच रात्री मुलं शेजारणीकडून नेली गेली आणि फोस्टर घरात, म्हणजे सरकारने नेमलेल्या अनोळखी कुटुंबात, ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात फोन आला: मुलं आमच्या ताब्यात आहेत, भेटायचं असेल तर पुढच्या आठवड्यात कोर्टात या. मुलं एकूण २१ दिवस तिच्यापासून दूर राहिली. मधल्या भेटीत तिला मुलीच्या चेहऱ्यावर पुरळ आणि मुलाचा डोळा सुजलेला दिसला. फोस्टर आईने थोबाडीत मारली, असं मुलाने सांगितलं.

हिंसेपासून वाचवायला नेलेल्या मुलाला पहिली थोबाडीत सरकारी छपराखाली बसली.

पाच दिवस कशासाठी?

मुलं नेली तेव्हा न्यायालयाचा हुकूम नव्हता. न्यूयॉर्कच्या कायद्यात ती मुभा तातडीच्या प्रसंगासाठी आहे. हुकूम आणायला वेळच नसेल, तर आधी मुलं हलवावीत आणि लगेच न्यायालयात जावं. इथे अर्ज दाखल व्हायला पाच दिवस लागले. कारण काय, ते पुढे खटल्यात खात्याच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं, आणि या प्रकरणाचं मर्म त्या साक्षीतच आहे असं मला वाटतं. तो म्हणाला, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये मुलं नेल्यावर न्यायालयात जाण्याआधी काही दिवस थांबायची पद्धतच आहे. मुलं काही दिवस फोस्टर घरात राहिली, की आई सहसा खात्याच्या सगळ्या अटी मान्य करते आणि न्यायालयात जायची वेळच येत नाही.

हे त्याने गुन्ह्याची कबुली म्हणून सांगितलं नाही. कामाची रीत म्हणून सांगितलं. सरकारी यंत्रणेत वावरलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. कुणाच्या मनात वाईट नसतं, फक्त असं केलं की काम लवकर उरकतं.

आता खात्याच्या बाजूने पाहू, कारण त्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही. न्यूयॉर्कचं हे खातं १९९६ मध्ये महापौर रुडी जुलियानी यांनी नव्याने उभारलं. त्याआधी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, सहा वर्षांच्या एका मुलीचा तिच्या आईच्या हातून मृत्यू झाला होता. त्या मुलीबद्दल तक्रारी झाल्या होत्या, तरी कुणी हललं नव्हतं. शहर हादरलं. नव्या खात्याच्या पहिल्याच आराखड्यात लिहिलं गेलं की मुलाच्या सुरक्षिततेबद्दल जराही संदिग्धता असेल, तर निर्णय मुलाला घरातून बाहेर काढण्याच्या बाजूने होईल. पहिले आयुक्त निकोलस स्कोपेटा स्वतः लहानपणी फोस्टर व्यवस्थेत वाढलेले. मुलांबद्दल त्यांना कळवळा नव्हता, असं कोण म्हणेल?

केसवर्करच्या, म्हणजे घरोघरी तपास करणाऱ्या खात्याच्या कर्मचाऱ्याच्या, खुर्चीत बसून बघा. मूल घरात ठेवलं आणि काही बरंवाईट झालं, तर उद्याच्या पेपरात नाव आणि परवा चौकशी. मूल विनाकारण उचललं, तर कुणी काही विचारत नाही, कारण त्या मुलाचं नुकसान कुठल्या रजिस्टरात चढत नाही. अशा तराजूत पारडं कुठे झुकणार ते आराखडा न वाचताही सांगता येतं.

दोन खाती, दोन भाषा

या प्रकरणाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती नाकारून चालणार नाही. ज्या घरात बाईला मार पडतो, त्या घरात मुलांना मार पडण्याचा संभव बराच जास्त असतो. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या अभ्यासांत दोन्ही एकत्र आढळण्याचं प्रमाण साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान सांगितलं जातं. मार न खाता नुसतं पाहणाऱ्या मुलांवरही परिणाम होतो. झोप उडते, शाळेत लक्ष लागत नाही, अंथरूण ओलं होतं. तेव्हा ‘नवराबायकोचं भांडण आहे, मुलांचा काय संबंध’ म्हणण्याचे दिवस गेले, हे चांगलंच झालं.

पण ही जोड सरकारी कागदावर उतरवायची वेळ आली, तेव्हा घोटाळा झाला. तोवर दोन वेगळी जगं होती. एकीकडे बायकांसाठी निवारागृहं आणि हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्था, ज्या विचारायच्या: बाई, तुला काय हवंय? दुसरीकडे बालसंरक्षण खातं. ते विचारायचं: मूल सुरक्षित आहे का, आणि नसेल तर पालकाने काय केलं नाही? दुसऱ्या प्रश्नाचा फॉर्म पालकाच्या नावाने उघडतो. आणि पालक म्हणजे जी घरात सापडते ती. मारणारा दुसऱ्या राज्यात पळालेला, त्याचा धड पत्ताही हाती नाही. आई मात्र दवाखान्याच्या खाटेवर, नाव-पत्त्यासकट. खात्याचा हात जिथवर पोचतो तिथेच तो पडतो.

न्यूयॉर्क यात एकटं नव्हतं. त्याच १९९९ साली मिनेसोटा राज्याने कायद्यातली हेळसांडीची व्याख्या वाढवून, मुलाने घरातली हिंसा पाहणं हेही त्यात घातलं. हेतू उत्तम. परिणाम असा झाला की जिल्ह्या-जिल्ह्यातल्या बालसंरक्षण कार्यालयांवर तक्रारींचा लोंढा आला. जास्तीचा पैसा दिलेला नव्हता, माणसं तेवढीच होती. पुढच्याच वर्षी विधिमंडळाला ती तरतूद मागे घ्यावी लागली. व्याख्या बदलायला खर्च येत नाही, आणि राज्यकर्त्यांना ती म्हणूनच आवडते.

आणि पुन्हा १९९९ मध्येच अमेरिकेतल्या बाल व कौटुंबिक न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या राष्ट्रीय परिषदेने ६७ शिफारशींचं एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. हिरव्या मुखपृष्ठामुळे सगळे त्याला ‘ग्रीनबुक’ म्हणू लागले. त्याचा गाभा सोपा होता. मुलाला वाचवायचा सर्वांत चांगला मार्ग बहुतेक वेळा त्याच्या आईला सुरक्षित करण्यातून जातो, आणि जाब मारणाऱ्याला विचारायचा. केंद्र सरकारच्या न्याय आणि आरोग्य खात्यांनी मिळून पैसे दिले आणि २००१ पासून सहा काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, प्रयोग चालले. बालसंरक्षण खातं, महिला संस्था आणि न्यायालय यांना एका टेबलाशी बसवणं हाच त्यातला मोठा भाग होता. ब्रुकलिनच्या त्या आईची फाईल उघडली, त्याच वर्षी हे सगळं छापून तयार होत होतं. शहाणपण उपलब्ध होतं, फक्त फॉर्ममध्ये उतरलेलं नव्हतं.

खटला

एप्रिल २००० मध्ये त्या आईने फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात शहरावर दावा लावला. तिच्यासारख्या इतर आया पुढे आल्या आणि जानेवारी २००१ मध्ये न्यायालयाने तो प्रातिनिधिक दावा म्हणून मान्य केला. म्हणजे निकाल या एकीपुरता राहणार नव्हता. मार खाल्ला म्हणून जिची मुलं नेली गेली किंवा नेली जाऊ शकतात अशी शहरातली प्रत्येक आई आणि तिची मुलं त्यात आली. न्यायाधीश होते जॅक वाइनस्टाइन. २४ दिवस सुनावणी, ४४ साक्षीदार.

या साक्षींमध्ये मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या तज्ज्ञांचं बोलणं निर्णायक ठरलं. घरात मारहाण पाहिलेल्या मुलाची सर्वांत मोठी भीती कोणती, तर आईला काहीतरी होईल आणि आपण एकटे पडू. त्या मुलाला आईपासून तोडणं म्हणजे त्याची तीच भीती सरकारी शिक्क्यानिशी खरी करून दाखवणं. एका तज्ज्ञाने साक्षीत जखमेवर मीठ चोळण्याचीच उपमा दिली. खात्याने ‘मुलं ठेवण्याचा धोका’ मोजला होता. ‘मुलं नेण्याचा धोका’ नावाचा रकानाच त्यांच्या हिशेबात नव्हता.

आणखी एक बाजू बाहेर आली, आणि ती वर्तमानपत्रांत फारशी गाजली नाही. ज्या आयांना वकील परवडत नाही त्यांना सरकारतर्फे वकील मिळतो. न्यूयॉर्कमध्ये अशा वकिलांचे दर १९८६ पासून बदललेले नव्हते: न्यायालयात उभं राहण्याचे तासाला ४० डॉलर, बाहेरच्या कामाचे २५. मॅनहॅटनमध्ये त्या पैशात ऑफिसचं भाडंही निघत नाही. त्यामुळे वकील मिळायचे कमी, मिळाले तर अशिलाला भेटायचे न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेच्या आधी काही मिनिटं. साक्षीदार शोधणं, नातेवाइकाचं घर दाखवणं, डॉक्टरांचे कागद आणणं हे सगळं ‘बाहेरचं काम’, म्हणजे २५ डॉलरवालं. मग अटी मान्य करून सही करणं हाच आईपुढचा जवळचा रस्ता उरायचा. थांबून राहण्याची खात्याची रीत चालत होती, ती या दरांच्या जिवावर.

डिसेंबर २००१ मध्ये वाइनस्टाइन यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला. केवळ आईला मारहाण झाली, एवढ्याच कारणावरून तिच्यावर हेळसांडीचा ठपका ठेवून मुलं नेता येणार नाहीत. आणि अशा आयांच्या वकिलांना तासाला ९० डॉलर द्यावेत. मार्च २००२ मधल्या सविस्तर निकालपत्रात त्यांनी शहराला खडे बोल सुनावले, पण एक भेद राखून. या आयांवर दुहेरी अत्याचार होतो आहे, पण तो द्वेषातून नव्हे, तर बेफिकिरी, सरकारी ढिसाळपणा आणि जुनाट पूर्वग्रह यांतून, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचाही त्यांनी ऊहापोह केला, कारण आईपासून मूल तोडणं हा त्या इतिहासाचा भाग होता. त्या संदर्भाने काही कायदेपंडितांच्या भुवया उंचावल्या असतील. मला तो अस्थानी वाटत नाही.

शहराने अपील केलं. २००३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ठरवलं की घटनेपर्यंत जाण्याआधी न्यूयॉर्कचा स्वतःचा कायदा काय म्हणतो ते स्पष्ट व्हावं, आणि प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. या न्यायालयाचं नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’ असल्याने आपल्याकडचे वाचक हटकून गोंधळतात. तिथे तेच सर्वांत वरचं. २६ ऑक्टोबर २००४ रोजी मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी उत्तर दिलं.

मुलाने हिंसा पाहिली एवढ्यावरून आईने हेळसांड केली असं ठरत नाही. मुलाला झालेली किंवा अगदी तोंडावर आलेली इजा दाखवावी लागेल, आणि ती आईने किमान काळजी न घेतल्यामुळे झाली हेही. त्या परिस्थितीत, त्या क्षणी एखाद्या समंजस पालकाने काय केलं असतं, हे मोजमाप. त्यात निघून जाण्यातला धोका, राहण्यातला धोका, आधी मदत मागितली तेव्हा काय झालं, हे सगळं आलं. मार खाणारी आई कधीच दोषी ठरणार नाही, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच. वारंवार होणारी हिंसा माहीत असून, मुलं भेदरून गेलेली दिसत असून, मदत हाताशी असून कुणी काहीच केलं नाही, तर हेळसांड शाबीत होऊ शकते. प्रत्येक केस आपल्या पुराव्यावर. मूल नेण्याचा विचार करताना न्यायालयाने नेण्यातलं नुकसान आणि ठेवण्यातला धोका दोन्ही तोलले पाहिजेत, आणि नेणं टाळता येईल अशी मदत शक्य आहे का ते आधी पाहिलं पाहिजे.

डिसेंबर २००४ मध्ये तडजोड झाली.

नंतर काय झालं

काही गोष्टी खरोखर बदलल्या. खात्याच्या क्षेत्रीय कार्यालयांत कौटुंबिक हिंसाचाराचे जाणकार सल्लागार बसू लागले, म्हणजे केसवर्करला निर्णयाआधी विचारायला कुणीतरी मिळालं. आयांना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकिलांचे दर २००४ पासून राज्यानेच तासाला ७५ डॉलर केले. मग पुन्हा जवळपास वीस वर्षं ते हलले नाहीत. ‘संदिग्धता असेल तर मूल बाहेर’ हे वाक्य कायद्यापुढे टिकणार नाही, हे खात्यातल्या सगळ्यांना कळलं.

आणि जानेवारी २००६ मध्ये शहरात आणखी एक लहान मुलगी घरातल्या मारहाणीत गेली. तिच्याबद्दलही आधी तक्रारी झालेल्या होत्या. लगेच फोनलाइन वाजू लागल्या, मुलं नेण्याचं प्रमाण पुन्हा चढलं. एका निकालाने केसवर्करच्या मनातली भीती जात नाही.

त्यात आणखी एक यंत्र वेगळंच चालू होतं. न्यूयॉर्कमध्ये शिक्षक, डॉक्टर यांना संशय आला तरी राज्याच्या केंद्रीय नोंदवहीला कळवणं बंधनकारक आहे. तपासात खात्याने तक्रार ग्राह्य धरली, की आईचं नाव तिथे चढतं. न्यायालयात आरोप टिकला नाही तरी ते आपोआप पुसलं जात नाही. पूर्वीच्या नियमांनुसार ती नोंद सर्वांत धाकटं मूल २८ वर्षांचं होईपर्यंत राहायची, आणि पाळणाघरासारख्या, मुलांशी संबंध येणाऱ्या नोकऱ्या देणाऱ्यांना ती कळायची. तक्रार ग्राह्य धरायला ‘थोडाफार विश्वासार्ह पुरावा’ पुरायचा. १ जानेवारी २०२२ पासून तो निकष कडक झाला आणि हेळसांडीच्या नोंदी नोकरी देणाऱ्यांपासून आठ वर्षांनी झाकल्या जाऊ लागल्या. म्हणजे निकल्सन निकालानंतर सतरा वर्षांनी.

इथे आपला संबंध येतो. न्यूयॉर्क-न्यूजर्सी पट्ट्यात मराठी घरं हजारोंनी आहेत. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या बायकांपैकी काहींना काम करायची परवानगी मिळू लागली तीच २०१५ पासून. घरात मार पडत असला तरी ९११ फिरवायला हात धजत नाही, त्याचं एक कारण व्हिसा आणि दुसरं ‘पोलीस आले तर मुलं घेऊन जातील’. ही भीती नवरा घालतो, पण ती हवेतून आलेली नाही, हे वरचं प्रकरण सांगतं. न्यूजर्सीत मानवी (१९८५ पासून) आणि न्यूयॉर्कमध्ये सखी (१९८९ पासून) या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. निकल्सनचा निकाल न्यूयॉर्क राज्यापुरता. हडसन नदी ओलांडून न्यूजर्सीत गेलं की कायदा वेगळा, खातं वेगळं. ताई-माई सल्ला देतात तेव्हा हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात दुखणं उलट बाजूचं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला, ज्युडिथ के यांच्या निकालानंतर बरोबर दोन वर्षांनी, अर्थात निव्वळ योगायोगाने. आपल्याकडे फाईल पीडित बाईच्या नावाने उघडते आणि जाब नवऱ्याला, सासरच्यांना विचारला जातो, ही चांगली गोष्ट. पण संरक्षण अधिकाऱ्याच्या घटना अहवालात मूल येतं ते नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाजवळ राहतं एवढ्यापुरतं. कलम २१ खाली आईला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, घातक असेल तर बापाची भेट थांबवता येते. पण मुलालाही मारलं जातंय का, हे पाहायचं तर बाल न्याय कायदा, बाल कल्याण समिती आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन अशी वेगळी वाट. दोन्ही कामं एकाच महिला व बालविकास विभागाची, तरी टेबलं दोन. तिथे मूल उचलून नेण्याची घाई होती, इथे मूल कुणाला दिसतच नाही. दोन्हीकडे फॉर्म आधी ठरलेला आणि घर नंतर त्यात कोंबलेलं. बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलेला आहे, त्यामुळे ही दोन टेबलं जोडताना न्यूयॉर्कची चूक टाळायला जागा आहे. जोडणाऱ्याने एवढं पाहावं, की जोडलेल्या फाईलवर सामनेवाला म्हणून पहिलं नाव कोणाचं येतं.

न्यूयॉर्कमध्ये मात्र हा वाद अजून मिटलेला नाही. निकल्सननंतर तिथे नवी वहिवाट पडली. आईवर आरोप ठेवायचा नाही, अर्ज फक्त बापावर करायचा, मूल आईकडेच द्यायचं, पण ‘खात्याच्या देखरेखीखाली’. म्हणजे खात्याचे लोक न कळवता घरी येणार, खोल्या बघणार, मुलांशी बोलणार. जिच्यावर आरोपच नाही तिच्या घरात सरकारी माणसाला येण्याचा कायमचा परवाना. अशाच एका आईने अपील केलं. तिच्यावर कसलाही ठपका नव्हता, मारल्याचा आरोप बापावर होता. २०२५ च्या सुरुवातीला ब्रुकलिनच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की सामनेवाली नसलेल्या, मूल आधीपासून जिच्याजवळ आहे अशा आईला खात्याच्या देखरेखीखाली ठेवण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही.